छताचं अस्तर

सासू: आणि तो विचारेल तेव्हा काय सांगायचं? छत आपोआप खाली आलं म्हणून?

सून: खरं तेच सांगायचं. तुझ्या बायकोने काढलं. आई, तो झाकणाचा डबा द्या इकडे. उन्हाची झापड सुटली, तिचे स्क्रू वेगळे ठेवते.

सासू: जहाजावर जाताना माझ्यासमोर सांगून गेलाय तो. पिकअपच्या छताला हात लावू नका, मी आल्यावर बघतो.

सून: त्याच्या आधीच्या सुट्टीतही हेच सांगितलं होतं. आणि त्याच्या आधीच्या. तीनदा आला, तीनदा गेला, पाणी अजून माझ्या डोक्यावर पडतंय. पंधरा वर्षं लोकांचे गळके नळ बंद करतेय मी, आणि माझ्याच गाडीत दिव्यातून पाणी ठिबकतं! परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, बाई, तुमचे केस ओले कसे?

सासू: मग?

सून: नुकतीच न्हाऊन आले म्हटलं.

सासू: काही म्हण, गाडी त्याची आहे.

सून: कागदावर त्याची. वर्षातले नऊ महिने तो समुद्रावर. चालवते मी, पाइप वाहते मी, रस्त्यात बंद पडली तर ढकलते मी. आता ते हँडल धरा. वरचं, दरवाज्यावरचं. दोन्ही टोकांना टोपी आहे, ती उचकटली की आत स्क्रू दिसेल.

सासू: कशाने उचकटू? त्या पेचकसाने? ओरखडे पडतील. थांब, माझी लाकडी पट्टी आणते. कडेला घासून पातळ झालीय, कापडाला लागत नाही की प्लास्टिकला.

सून: आणा. पाय जपून, बॅटरीची काळी तार तिथेच लोंबतेय.

सासू: ती कशाला सोडवलीस? दिवाच तर काढायचाय.

सून: या खांबांच्या पट्ट्यांमागे हवेच्या पिशव्या आहेत. धडक बसली की फुगणाऱ्या. करंट चालू असताना तिथे खुडबूड केली तर आपल्याच तोंडावर फुगायच्या. म्हणून सकाळी आधी तार सोडवली, मग चहा प्यायलो.

सासू: मला वाटलं माझ्यासाठी थांबलीस.

सून: तुमच्यासाठीही. हं, ही घ्या खांबाची पट्टी सुटली. आता दरवाज्याचं रबर खाली ओढा. फार नाही, छताची कड मोकळी होईल एवढंच.

सासू: हे असं? अगं, हे तर गोट लावल्यासारखं आहे. बाहेरून रबर, आत अस्तराची कड दुमडलेली. चांगलं काम केलंय ज्याने केलंय त्याने.

सून: म्हणून तर तुम्हाला हाक मारली. नळाचं सगळं मला कळतं, अस्तरातलं काही कळत नाही.

सासू: चाळीस वर्षं कोटांना अस्तरं लावली मी. पण हे बघ, त्याला न विचारता हे उघडायचं मला अजून पटलेलं नाही. मी फक्त हँडल काढतेय.

सून: काढा. फक्त दुसरं पण काढा.

सासू: तुला हसू येतंय.

सून: नाही हो. आई, तुमचं शिवणयंत्र तुम्ही कुणाला विचारून उघडलं होतं पहिल्यांदा?

सासू: कुणी सांगितलं तुला ते?

सून: मामंजींनी. हसत हसत सांगायचे.

सासू: त्यांना काय झालं होतं हसायला! सासूबाईंचा हुकूम होता, यंत्र उघडायचं नाही, माणूस येईल. माणूस आठ दिवस आला नाही. सहा कोट पडून. मग एका दुपारी त्या झोपल्या आणि मी उघडलं.

सून: आणि?

सासू: पुन्हा बसवलं तेव्हा एक स्प्रिंग उरली.

सून: आणि यंत्र?

सासू: चालतंय की अजून. स्प्रिंग डब्यात आहे. माणूस आला तेव्हा त्यालाही सांगता आलं नाही ती कुठली.

सून: झालं तर मग. इथे काही उरलं तर आपणही डब्यात ठेवू. मागच्या बाजूला तीन गुंड्या आहेत प्लास्टिकच्या, त्या मी काढते. तुम्ही दोन्ही सीटा पूर्ण आडव्या करा. आणि मधे या. मी सांगेन तेव्हा डोक्याने छत झेला.

सासू: डोक्याने?

सून: हात लागतील धरायला. एक… दोन… आलं!

सासू: आई गं! केवढं जड! आणि गार. ओलं आहे हे.

सून: कापडामागच्या स्पंजने पाणी प्यायलंय. आता डावीकडून तुमच्या दरवाज्यातून बाहेर काढू. थोडं वाकवावं लागेल.

सासू: वाकवू नकोस! पुठ्ठा आहे तो, एकदा मुडपला की इस्त्रीनेही जायचा नाही. तिरकं कर. तुझी कड वर, माझी खाली. आता सरक. सरक गं, मागे स्टिअरिंग आहे. हां. हळू. आलं बघ, एक रेघ नाही पडली.

सून: तुम्ही तर फक्त हँडल काढणार होतात.

सासू: तू वाया घालवत होतीस म्हणून. ठेव इथे ओट्यावर, उपडं. अरे देवा, हा रंग बघ. चहा सांडल्यासारखा.

सून: दिव्याच्या भोवती डाग असणारच. वर अँटेना, खाली दिवा.

सासू: दिव्याभोवती नाहीये हा. नीट बघ. दिव्यापासून निघालाय आणि लांबट होत चालवणाऱ्याच्या डोक्यापर्यंत आलाय. इथे कापड ताणलं गेलंय, पिशवीसारखं. इथे पाणी साठायचं. मग ते गेलं कुठे?

सून: वाळलं असेल.

सासू: इतकं? कापड ताणून फाटलंय कडेला. बुधवारी तू भिजून आलीस. बाहेर ऊन होतं. मला म्हणालीस गिऱ्हाइकाकडे पाइप फुटला.

सून: हो.

सासू: फुटला होता?

सून: आई, तो ब्रश द्या ना, स्पंजचा भुगा झाडायला घेते.

सासू: ब्रश माझ्या हातात आहे आणि तो मिळणार नाही. काय झालं बुधवारी?

सून: पूल उतरत होते. पाऊस थांबून तास झाला होता. या पिशवीत पाणी साठलंय हे मला काय माहीत. खाली सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, आणि अख्खी बादली तोंडावर. वर कापड सुटून डोळ्यांवर. दोन सेकंद मला काही म्हणता काही दिसलं नाही.

सासू: पुढे कोण होतं?

सून: सायकलवाला. मागे त्याची आई बसलेली, तुमच्याच वयाची, मांडीवर पिशवी घेऊन. मी ब्रेकवर उभीच राहिले. कापड ओढून काढलं तेव्हा माझा बंपर त्याच्या मडगार्डला टेकला होता. टेकला होता, धडकला नव्हता. तो शिवी द्यायला वळला आणि माझं तोंड पाहून म्हणाला, ताई, बऱ्या आहात ना?

सासू: आणि तू मला सांगितलंस पाइप फुटला.

सून: तुम्ही चाव्या काढून घेतल्या असत्या.

सासू: घेतल्याच असत्या.

सून: आणि मग उद्या सोमवारी शाळेच्या सगळ्या टाक्या जोडायच्यात, ते काम कुणी केलं असतं? पहिल्यांदा एवढं मोठं काम मिळालंय मला. चाव्या देऊन घरी बसण्यापेक्षा छत उतरवणं सोपं.

सासू: कुठे आहे ती अँटेना? मी काय धरायचं ते सांग.

सून: मागे हौद्यात चढाल? मी स्टूल ठेवते.

सासू: चढले. चाळीस वर्षं पायाने यंत्र चालवलंय, गुडघे तुझ्यापेक्षा धड आहेत माझे. ही शेपटी धरू?

सून: बुडाशी धरा, घट्ट. मी आतून नट फिरवते. ती वर फिरायला नको. फिरतेय?

सासू: नाही.

सून: आता?

सासू: मी धरलंय म्हटलं ना, मग नाही फिरणार. जोर लाव.

सून: गंजलाय. थोडं तेल सोडते. घ्या, सुटला! केबल काढली. उचला आता.

सासू: उचलली. खालचं रबर बघ, भाजलेल्या पापडासारखं झालंय. हात लावला की तुकडे. आणि हे काय?

सून: काय?

सासू: बाहेर ये आणि बघ. भोकं दोन आहेत.

सून: दोन कशी असतील? अँटेना एक.

सासू: एकातून अँटेना आली. दुसऱ्यात काहीतरी पांढरं भरलंय, वरून रंग फासलाय. अँटेनाच्या बुडाखाली झाकलेलं होतं.

सून: पुट्टी. आणि तडकलीय. आई, पाणी इथूनच येतंय. रबर बदललं असतं तरी आलं असतं. पण हे दुकानातलं काम नाही.

सासू: दुकानातच बसवली त्याने. दिवसभर तिथे होता, संध्याकाळी हॉर्न वाजवत आला. किती खूश होता.

सून: दुकानदार आधी खूण करतो, मग भोक पाडतो. इथे आधी भोक पडलंय, मग विचार आलाय.

सासू: नवशिका असेल एखादा कारागीर.

सून: असेल. पण पुट्टी पात्याने लावतात. हा अंगठ्याचा ठसा आहे, बघा. केवढा मोठा, आणि मधे आडवी चीर.

सासू: सातवीत असताना कातरीने अंगठा कापून घेतला होता त्याने.

सून: मी काही म्हटलं नाही हं.

सासू: फोन वाजतोय तुझा. रविवार आहे, त्याचाच असणार. मोठ्याने लाव, मलाही ऐकू दे.

मुलगा: हॅलो? आवाज येतोय का? इथे इंजिनचा खडखडाट आहे जरा. काय चाललंय? आई कुठे आहे?

सासू: आई तुझ्या पिकअपच्या हौद्यात उभी आहे.

मुलगा: हौद्यात? कशाला?

सासू: तुझा अंगठा बघायला.

मुलगा: माझा काय?

सून: अरे, छताचं अस्तर उतरवलंय आम्ही. अँटेनापण काढली. खाली दोन भोकं आहेत.

मुलगा: हां. म्हणजे… कसं आहे की…

सासू: दुकानदार अंगठ्याने पुट्टी भरतो का रे?

मुलगा: दुकानात नव्हती बसवली. मित्राच्या अंगणात, त्याच्या ड्रिलने. पहिलं भोक पाडलं तर खाली पत्र्याची आडवी पट्टी निघाली. मग दोन बोटं सरकलो.

सून: आणि मला सांगितलंस दुकानात.

मुलगा: सांगणार होतो गं. पण पहिल्याच पावसात गळायला लागली. ऐक ना, हसू नकोस. शहरभर लोक गळती शोधायला तुला बोलावतात. तू वर एक नजर टाकली असतीस की कळलं असतं, कुठल्या येड्याने हे केलंय. तो येडा मी. म्हटलं, सुट्टीत आलो की तू कामावर गेल्यावर गुपचूप दुरुस्त करू. पण तू कधी गाडी सोडून कामावर गेलीच नाहीस.

सासू: सांग त्याला बुधवारचं.

सून: आई, तो तिकडे समुद्रावर. ऐकून नुसता जीव टांगणीला लागेल.

सासू: लागू दे. सांग, नाहीतर मी सांगते.

मुलगा: बुधवारी काय झालं?

सून: छतात साठलेलं पाणी पुलावर एकदम तोंडावर आलं. ब्रेक वेळेवर लागला. समोर सायकलवर दोन माणसं होती. कुणाला काही झालं नाही. मलाही नाही. हॅलो? ऐकू येतंय ना?

मुलगा: येतंय. दोन माणसं?

सून: एक सायकलवाला, मागे त्याची आई.

मुलगा: मला वाटायचं थेंब पडतात. पुसले की झालं.

सून: मलाही तसंच वाटायचं. मंगळवारपर्यंत.

मुलगा: तू ते सगळं काढ. जे करायचं ते कर.

सून: परवानगी नाही मागत आहे मी. काढून झालंय. तुला सांगतेय.

मुलगा: हो. बरोबर. ऐक, एक गोष्ट बघशील? पहिल्या भोकाच्या वेळी ड्रिल त्या खालच्या पट्टीतही घुसलं होतं, अर्धं. ते मी बुजवलंच नाही, दिसत नव्हतं म्हणून. पट्टी आतून पोकळ आहे. तिथे पाणी गेलं असेल तर गंज आतून पसरत असेल.

सून: थांब, टॉर्च घेते. अरे हो! कडेला फोड आलेत रंगाला. मला वाटलं हे बाहेरूनच ओलं झालंय. हे राहिलं असतं तर वरून सगळं बंद करूनही एक-दोन वर्षांत छत सडलं असतं.

मुलगा: म्हणून सांगितलं.

सून: बरं झालं सांगितलंस.

मुलगा: अँटेना परत लावू नकोस. तो रेडिओ तसाही खरखरतोच नुसता. आई?

सासू: काय?

मुलगा: रागावलीस?

सासू: हो. जेवलास का?

मुलगा: जेवलो.

सासू: मग ठेव आता. इथे काम खोळंबलंय. आणि रागावले आहे हे लक्षात ठेव, फोन ठेवला म्हणून राग गेला असं समजू नकोस.

मुलगा: ठेवतो. अगं, ती पुट्टी खरवडताना हात सांभाळ, कडा धारदार आहेत.

सून: बरं. ठेव.

सासू: तू त्याला फार सहज सोडलंस.

सून: पट्टीचं त्याने आपणहून सांगितलं, आई. ते मला सापडलं नसतं. आणि कुणाकुणाला नवऱ्याचा धाक असतो, माझ्या नवऱ्याला माझ्या पाहणीचा आहे. मला जरा बरं वाटलं ते.

सासू: बरं वाटलं तर वाटू दे. गंजाचं काय करायचं?

सून: चकाकेपर्यंत घासायचा, त्यावर गंज थांबवणारा रंग. पट्टीच्या पोकळीतही पिचकारीने सोडते. तो वाळला की वरून एक स्टीलची चकती, बशीएवढी, दोन्ही भोकं झाकेल अशी. खाली भरपूर सीलंट, वर वजन. रात्रभर हलवायचं नाही. नवीन भोक एकही नाही.

सासू: तोवर मी बसून काय करू? ते नवं राखाडी कापड आण. पुठ्ठ्यावरचा जुना स्पंज सगळा निघायला हवा, कण राहिला तर वर पुळी दिसेल.

सून: मी ब्रश मागितला होता मघाशी.

सासू: आता देते. हळू हाताने झाड. पुठ्ठा खरवडू नकोस, तो पाइप नाही. कापड मी कापते. चारही बाजूंनी चार बोटं माया, दुमडायला जास्तीचं कापड. गोंद दोन्हीकडे लावायचा, पुठ्ठ्यालाही आणि कापडालाही, आणि थांबायचं.

सून: किती?

सासू: बोट टेकवून बघ. चिकटलं पण गोंद बोटाला आला नाही, की मग. आता नाही. मी सांगते ना, आता नाही.

सून: आता?

सासू: आता. मधून सुरुवात. तळव्याने, मधून कडेला. दिव्याच्या खळग्यात आधी दाबून घे, मग पुढे. ताणू नकोस, ताणलेलं कापड उन्हात सुटतं.

सून: आई, सुरकुती आली!

सासू: ती सुरकुती नाही, तुझी घाई आहे. उचल एवढाच कोपरा. फुंकर घाल. आता मी धरते, तू सोड. बघ, गेली.

सून: तुमच्या हाताखाली जाते, माझ्या हाताखाली येते.

सासू: तुझ्या हाताखाली पाणी थांबतं. मला ते जमत नाही. कड दुमडायला घे, ऊन उतरायच्या आत झालं पाहिजे.

(दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी लवकर. अंगणात पिकअप उभी, आतून छताला नुसता पत्रा. नवं अस्तर ओट्यावर वाळतंय. सासू आत पुढच्या सीटवर टॉर्च घेऊन. सून बाहेर नळाचा पाइप धरून.)

सून: बसलात नीट? टॉर्च आधी पट्टीच्या कडेला धरा, मग चकतीच्या खाली. थेंब दिसला तर ओरडा.

सासू: अस्तर लावून टाकायचं होतं, म्हणजे निघता आलं असतं तुला.

सून: अस्तर लावल्यावर गळती दिसत नाही, तेच तर तीन वर्षं झालं. दोन तास आहेत शाळेला जायला. सोडू पाणी?

सासू: सोड.

सून: काही?

सासू: आवाज फार आहे! पत्र्यावर फुटाणे फुटल्यासारखा.

सून: थेंब विचारतेय!

सासू: नाही! पट्टी कोरडी आहे. चकतीखाली कोरडं.

सून: आता नळ पूर्ण सोडते. पाच मिनिटं.

सासू: अगं, आलं! पाणी आलं!

सून: कुठे? कुठून?

सासू: माझ्या खांद्यावर. डावीकडून.

सून: वरून की बाजूने? हात लावून बघा, छत ओलं आहे?

सासू: छत नाही. थांब. काच… काच बोटभर उघडी आहे. मीच ठेवली होती, तुझं बोलणं ऐकू यावं म्हणून.

सून: आई! मी पाइप टाकून धावत आले ना!

सासू: मीही उठायच्या बेतात होते. लावली. पूर्ण लावली. आता मोठ्याने बोल. सोड पाणी.

सून: पुढे मारतेय आता. आता बरोबर चकतीवर. पट्टी?

सासू: कोरडी.

सून: खालचा सांधा? हात फिरवा.

सासू: फिरवला. हात बघ, पावडर लावल्यासारखा कोरडा.

सून: झालं मग. पाच मिनिटं होऊन गेली. बंद करते, अस्तर चढवायला घेऊ.

सासू: थांब, बंद करू नकोस.

सून: का? कुठे दिसलं?

सासू: कुठे नाही गं. राहू दे थोडं. आत बसून ऐकायला बरं वाटतंय.